थर्मामीटरचा हात

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे थर्मामीटर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी मोटरी भरल्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली. भरलेली मोटर चालवायची, तिच्या अंगावर तळवा ठेवायचा आणि दहा मोजायचे. हात टिकला तर मोटर पास. गेल्या वर्षी त्यांनी पास केलेल्या तीन मोटरी लागोपाठ जळून परत आल्या आणि मालकाने त्यांना घरी बसवलं. "माझा हात खोटं बोलत नाही," असं ते जाताना ठणकावून सांगून आले होते.

आता लेकीच्या कारखान्याची बस बंद झाली. तिचा एक पाय अधू. नऊ किलोमीटर पायडल मारणं तिच्याच्याने होईना. सोमवारपासून वेळेवर या, नाहीतर येऊच नका, असं तिला बजावलं होतं. म्हणून तिच्या घडीच्या सायकलला त्यांनी भंगारातली एक मोटर भरून बसवली. साखळीवर पत्र्याचं झाकण घातलं, ब्रेक दाबताच करंट तुटेल असं बटण लावलं, घडी घालताना बिजागरीत चिमटू नये म्हणून तिथे वायर सैल ठेवली.

रविवारी लेक समोरचा चढ चढून आली.

"बाबा, काय पळते हो! शेजारीण म्हणाली, विमान घेतलंस का गं?"

त्यांनी मोटरवर तळवा ठेवून दहा मोजले. "कोमट आहे. पास."

ती सायकल दुमडायला वाकली आणि किंचाळली. मनगट मोटरला लागलं होतं. बघता बघता फोड आला.

"कोमट म्हणालात ना?"

"आहेच कोमट." त्यांनी पुन्हा हात ठेवला. एक, दोन, तीन...

"बाबा, काढा हात! काढा आधी!"

तिने हात ओढला. तळवा लालबुंद होऊन सोलला होता. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

ते पायरीवर बसले. "त्या तीन मोटरी..."

"मरू देत त्या. मी हळू चालवीन, मधे थांबत जाईन."

"बोल्टसुद्धा याच हाताने आवळलेत."

"मी आवळते. कुठले ते सांगा."

"आणि आतली तार? तीही यानेच गुंडाळली." त्यांनी पक्कड उचलली आणि बॅटरीची वायर तोडली.

सोमवारी ती पाचलाच निघाली. ते खिडकीत उभे होते. चढ लागताच ती उतरली आणि सायकल ढकलू लागली.