मुठीखालचं नाव

खंडेनवमीला आमच्या बसवनगुडीच्या घरात पुजायला एकही धड हत्यार नव्हतं, याचं दुःख माझ्या दोड्डप्पांइतकं कुणालाच नव्हतं. दोड्डप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात काढलेल्या आमच्या घरात थोरल्या काकांना कानडी रीतीनं असंच म्हणत. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. आपले पूर्वज मराठी फौजेबरोबर घोड्यावरून इकडे आले, हे ते गिऱ्हाइकाला परकराचं कापड मोजून देतानासुद्धा ऐकवत. आणि नवमीला पाटावर मांडायचे काय, तर दुकानातली कात्री, लोखंडी गज आणि बाबांची जुनी कंपासपेटी.

मग बाबा ब्रह्मदेशाच्या लढाईवरून जपानी तलवार घेऊन आले.

‘घेऊन आले’ असं मी मुद्दाम साधं लिहिते आहे. दोड्डप्पा ‘जिंकून आणली’ म्हणत. बाबा पलटणीत इंजिनिअर होते, पूल बांधत. लढाई संपल्यावर शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी ओळीनं पुढे येऊन आपापल्या तलवारी दिल्या, समोर आपले अधिकारी ओळीनं उभे. बाबांच्या समोर आला तो पन्नाशीतला, चष्मा लावलेला माणूस. त्यानं तलवार दोन्ही हातांवर आडवी धरून दिली आणि दिल्यावरही हात लगेच खाली घेतले नाहीत. दुभाष्या म्हणाला, ‘‘ही याच्या आजोबांची आहे. कोरडी ठेवा, एवढंच सांगतोय.’’ बाबा नाव विचारणार तोवर ओळ पुढे सरकली. नंतर दुभाष्यानं धीर दिला, की मुठीखाली झाकलेल्या पोलादावर अक्षरं कोरलेली असतात, मुठीच्या टोकाला घराण्याचं चिन्ह आहे, वाचणारा भेटला की घर सापडेल. ही तलवार त्या घरी परत पोचवायची, हे बाबांनी तिथंच ठरवलं. हे त्यांनी आईला इतक्यांदा सांगितलं होतं, की आम्हा मुलांनाही पाठ झालं होतं.

मला ती मूठ अजून डोळ्यांपुढे दिसते. पांढऱ्या, बारीक दाणेदार कातड्यावर काळपट रेशमी फीत तिरकी विणत नेलेली, टोकाला नखाएवढं चांदीचं फूल. मुठीच्या वर लोखंडाची गोल चकती, तिच्यात कोरून काढलेली गवताची पाती. बाबा रजेवर आले की पातं पुसून तेलाचं बोट फिरवत. मुठीला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. अजाण हातानं ती उघडू नये, असं त्यांचं म्हणणं.

पन्नास सालानंतर बाबांची बदली दूर उत्तरेत झाली आणि त्या वर्षी दोड्डप्पांनी तलवार ट्रंकेतून काढून पाटावर मांडली. इथवर ठीक होतं. पण पूजेला आलेल्या गुरुजींनी चष्मा सावरून मूठ न्याहाळली आणि म्हणाले, ‘‘हे माशाचं कातडं दिसतंय.’’ झालं! आमच्या घरात कांदासुद्धा देवघराचा उंबरा ओलांडत नसे. दोड्डप्पांनी तलवार फडक्यानं उचलून अंगणात नेली. आईनं सासऱ्यांसमोर बोलावं तसं पदर सावरून सांगितलं, ‘‘मुठीला हात लावू नका म्हणून हे सांगून गेलेत.’’

‘‘सुम्ने, गप्प बस गं तू,’’ दोड्डप्पा म्हणाले. ‘‘देवापुढे मासा मांडू का मी?’’

मांडू नका ना! ट्रंकेत होती तिथं ठेवा, कात्री पुजा. पण एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली नाही, कारण त्यांना तलवार सोडायची नव्हती, फक्त मासा सोडायचा होता. शिवाजीनगरात भांड्यांना कल्हई आणि हत्यारांना धार करणारं एक दुकान होतं, तिथं ते ती घेऊन गेले. परत आली तेव्हा तिला पितळेची मूठ होती, वर वाघाचं तोंड. पातं चाकावर धरून आरशासारखं केलेलं. नवी मूठ बसेना म्हणून आतलं पोलाद कानशीनं घासून बारीक केलं होतं, आणि तिथला काळा गंजही चिंच लावून काढला होता. जुनी मूठ, फूल, चकती, सगळं दुकानदाराला मोडीत देऊन टाकलं. दोड्डप्पा ती तलवार घेऊन अंगणात असे उभे राहिले, की जणू घोड्यावरून आत्ताच उतरलेत. आई स्वयंपाकघरात रडत होती. दोड्डप्पांचा राग मला तेव्हापासून आहे, ते वारल्यावरही कमी झालेला नाही.

बाबा रजेवर आले तेव्हा त्यांनी वाघाकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘अण्णा, हे काय केलंत?’’ एवढंच. थोरल्या भावापुढे आवाज चढवायची आमच्याकडे रीत नव्हती. असल्या रीतींनी घरातल्या उर्मटांचंच फावतं. पण आत अजून काही अक्षरं उरली असतील, अशी आशा बाबांनी धरून ठेवली. वितळवलेली लाख ओतून बसवलेली मूठ उघडायची कशी, हेही कुणाला माहीत नव्हतं.

साठ सालानंतर बाबा लष्करातून निवृत्त होऊन इथल्याच एका सरकारी कारखान्यात लागले. तिथं यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. त्याच्या वडिलांना जुन्या तलवारींचा नाद, म्हणून त्यालाही पारख होती. बाबांना हे कळलं त्या दिवशी ते घरी आले ते जवळजवळ पळतच. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांना इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

रविवारी तो आला. त्यानं तलवारीला वाकून नमस्कार केला आणि खिडकीपाशी जाऊन पातं उजेडात तिरकं धरलं. धारेलगत धुक्यासारखी एक पांढरी लहर असते, ती लोहाराच्या हातची ओळख, असं त्यानं इंग्रजीत समजावलं. चाकानं ती पुसून टाकली होती. मग त्यानं मुठीला धुपाटण्यातल्या निखाऱ्यांनी हळूहळू ऊब दिली, लाख मऊ झाली, मूठ सुटली. पात्याच्या बुडाशी तांब्याचं एक जुनं कडं तसंच राहिलं होतं, ते सरकवल्यावर त्याच्या खाली बोटभर जागा चाकातून वाचलेली निघाली. तिथं लहर होती. तो कितीतरी वेळ त्या बोटभर जागेकडे बघत राहिला.

‘‘तीनशे वर्षांची तरी असेल,’’ तो म्हणाला. ‘‘फार चांगला हात आहे.’’

‘‘बघा!’’ दोड्डप्पा म्हणाले.

मग त्यानं आतलं पोलाद उलटंसुलटं केलं. कानशीचे ओरखडे सोडून तिथं काही नव्हतं. अंगठा फिरवत तो म्हणाला, इथला गंज कधीच काढत नाहीत, गंजावरूनच वय कळतं आणि अक्षरं त्याच्यातच असतात. एके ठिकाणी एका अक्षराची अर्धी रेघ त्याला लागली. ‘‘ही कशाचीही असू शकते.’’ मुठीच्या टोकाला चिन्ह कसलं होतं, असं त्यानं विचारलं. फूल, मी म्हटलं. किती पाकळ्यांचं? आम्हाला कुणालाच सांगता येईना. फुलांची चिन्हं लावणारी घराणी त्याच्या देशात पुष्कळ होती.

‘‘दर वर्षी आम्ही साफ करतो,’’ दोड्डप्पांनी अभिमानानं सांगितलं. ‘‘एवढाही गंज दिसणार नाही.’’

‘‘हो, फार स्वच्छ आहे,’’ तो पाहुणा अदबीनं म्हणाला. त्याच्या त्या अदबीची मला जेवढी लाज वाटली, तेवढी कुणी थोबाडीत मारली असती तरी वाटली नसती.

बाबा म्हणाले, ‘‘तुम्ही घेऊन जा. तुमच्या देशात तरी जाऊ दे.’’

त्यानं मान हलवली. ‘‘नेऊन कुणाच्या दारात उभा राहू?’’

दुसऱ्या दिवशी बाबा शिवाजीनगरात गेले. कल्हईच्या दुकानाच्या जागी सायकली भाड्यानं मिळत होत्या.

तलवार तीनशे वर्षांची ठरल्यावर दोड्डप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या नवमीला त्यांनी अर्धी गल्ली बोलावली. वाघ पुन्हा बसवून घेतला होता, पात्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि मोठ्या मनानं त्यांनी जाहीर केलं, की यंदा पूजेला धाकटा बसेल. मला वाटलं, बाबा उठून जातील. निदान आज तरी उठा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. ते पाटावर बसले. फूल वाहिलं, हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागले. सगळ्यांना वाटलं स्तोत्र म्हणतायत. मी निरांजन धरून शेजारी बसले होते, मला ऐकू आलं. ‘‘आय ॲम सॉरी, सर,’’ बाबा म्हणत होते. ‘‘आय ॲम व्हेरी सॉरी, सर.’’

‘‘स्वल्प मोठ्यानं म्हण रे,’’ मागून दोड्डप्पा म्हणाले, ‘‘सगळ्यांना ऐकू दे.’’