बत्तीस श्रुती

गाण्याच्या सप्तकात श्रुती किती, असं मले आजही कोणी विचारलं तर तोंडात आधी बत्तीस येते. खरं उत्तर बावीस आहे, मले चांगलं ठाऊक आहे. पण त्या बत्तीसनं माझं जे वाटोळं केलं, ते काही जिभेवरून जात नाही.

बाबा भंडाऱ्याकडचे. धानाची शेती सोडून भिलाईले आले आणि पोलाद कारखान्याच्या उभारणीत खलाशी लागले. लोखंडाचे जंगी खांब दोरखंडानं वर चढवायचं काम. खुर्सीपार वस्तीत आमची बांबूच्या तट्ट्याची झोपडी होती. तट्ट्यातून दिवसभर लाल धूळ आत ये, भात खाताना दाताखाली कचकच लागे. म्हणून वस्तीतले सारेच आतून भिंतीले रद्दी पेपर चिकटवत, कणकेची खळ लावून. आमची रद्दी सेक्टर दोनमधून ये. माय तिथं एका साहेबाच्या क्वार्टरात भांडी घासे, आणि साहेबाची बायको जुने पेपर तिले देऊन टाके.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. मग ती भिंतच माझी शाळा झाली. एका पावसाळ्यात चुलीपुढं नवी रद्दी चिकटवली; बसली की डोळ्यासमोर एक रविवारचं पान, त्यात सामान्य ज्ञानाचा चौकोन. समुद्रमंथनातून रत्नं किती निघाली? देशातला पहिला बोलपट कोणत्या साली आला? पानिपतची तिसरी लढाई कधी झाली? उत्तरं खाली उलटी छापलेली. मी मान वाकडी करकरून वाचे. माय म्हणे, "पोट्टे, मान तशीच राहीन, मंग कोण बायको करीन तुले?" त्या चौकोनावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. मले वाटे, साहेबाच्या लेकरांनी गिरगिटल्या असतीन. शेजारी एक खुनाची गोष्ट होती, पण तिचा शेवट पानाच्या मागच्या बाजूले, खळीत चिकटलेला. माहा भलता जीव अडकला होता त्या शेवटात.

त्याच साली सप्टेंबरात, विश्वकर्मा पूजेले, कारखान्याच्या क्लबात सामान्य ज्ञानाची स्पर्धा ठेवली. जो पहिला येईन त्याले कामगार वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम, म्हणे. कायम नोकरी! मी एकोणीस वर्षांची होती. मायसारखी दुसऱ्याची खरकटी घासायची नाही, एवढंच मले पाहिजे होतं. मी नाव दिलं.

प्रश्न विचारायले उभा कोण? मायचाच साहेब. त्यानं पहिला प्रश्न वाचला आणि माह्या अंगावर काटा आला. माहीच भिंत वाचून राहिला होता तो! चौदा रत्नं. एकोणीसशे एकतीस. सतराशे एकसष्ट, तो तं मराठी माणसाले झोपेतही येते. पोलीस चोराची ओळख कशावरून पटवतात? बोटांच्या ठशावरून. मी धडाधड सांगत गेली. मागं बसलेल्या आमच्या बाया टाळ्या पिटून राहिल्या होत्या.

"सप्तक में श्रुतियाँ कितनी?"

"बत्तीस," मी म्हणाली.

साहेबानं हातातला कागद पाहिला. "बत्तीस. सही जवाब."

तेवढ्यात एक गाणं शिकवणारे मास्तर उठले आणि वरडले, "बावीस! बावीस श्रुती असतात, साहेब!" अख्खा हॉल हसला. पुढच्या खुर्चीत एक बाबू होता, खुनाच्या कादंबऱ्या वाचणारा. तो हसला नाही. बोट वर करून म्हणे, दोघांची एकच चूक कशी झाली? पोरीनं कागद आधी पाहिला आहे. मंग मागून कोणीतरी सांगतलं, हिची माय साहेबाकडे भांड्याले आहे. सांगणारा आमच्याच वस्तीतला, बरं का. घरचं कुत्रं आधी चावते.

चोर, चोर झालं. मी जीव तोडून वरडली, "पेपर आमच्या भिंतीवर आहे, तिथंच चूक छापली आहे! चला, दाखवते!" साहेब म्हणे, कल देखेंगे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच आला. बूट घालूनच आत आला. मी चौकोनावर बोट ठेवलं. त्यानं बत्तीस वाचलं, मंग लाल खुणा पाहिल्या. जे प्रश्न त्यानं विचारले होते, नेमक्या त्यायच्यावरच खुणा होत्या. त्याचा चेहरा उतरला, तवा मले समजलं की त्या लेकरांच्या नव्हत्या. पेपरातले प्रश्न आयते उतरवून घेतले होते भल्या माणसानं, आणि पेपर दिला रद्दीत टाकून. मले वाटलं, आता तरी हा खरं सांगीन. वेडी होती मी.

तो मायकडे वळला. "बाई, घर साफ़ रखा करो. ये पुराना कागज़ अच्छा नहीं दिखता." एवढं बोलून निघून गेला.

मायनं गडवाभर पाणी त्या पानावर मारलं आणि उलथनं घेतलं. मी तिचा हात धरला. "माय, कावून? माहा एवढाच पुरावा आहे!"

"त्यायची इज्जत गेली तं माहं काम जाईन," ती म्हणाली. "तुह्या बावीस-बत्तीसनं चूल पेटते का?"

तिनं पान खरवडून काढलं. मागची बाजू एक घडीभर दिसली, गोष्टीचा शेवट तिथंच होता. मी वाचायच्या आत तिनं ते चुलीत घातलं. ओलं होतं, आधी धूर झाला, मंग पेटलं. वाचनालयातलं काम दुसऱ्या नंबरच्या पोराले गेलं, आणि वस्तीत माहं नाव चोरटी पडलं. पुढच्या महिन्यापासून मायसोबत मीही सेक्टर दोनमध्ये भांड्याले जाऊ लागली, त्याच क्वार्टरात.

मायचा राग मी कधी सोडला नाही, ती गेल्यावरही नाही. पण पान जाळलं त्या दिवशी त्याच चुलीवर भात शिजला. तिनं वाढला, माह्याकडं न पाहता. मले भूक लागली होती. मी जेवली.