दुसरा ठसा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर पन्नासहून अधिक वर्षं त्या डब्यावरची धूळ पुसते आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, कडेनं गंजलेला. त्यात माझ्या वडिलांची पलटणीतली पदकं आहेत, असं मी तिला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सांगितलं. तेव्हापासून साफसफाई करताना ती दर वर्षी त्या डब्याला हात जोडते. पदकं थोरल्या भावाकडे आहेत. डब्यात काय आहे तेच सांगायला बसलो आहे, पण एकदम सांगता येत नाही. तुम्हाला जरा माझ्याबरोबर लांबून फिरून यावं लागेल.

आम्ही ग्वाल्हेरचे जाधव. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रागावलो की दोन्ही एकदम. पुस्तकांशी घराण्याचा संबंध नव्हता. तरी मी प्राचीन इतिहासात एम.ए. झालो, त्याला कारण एकच माणूस — अप्पा पाध्ये.

अप्पा संस्थानच्या काळापासून पुराणवस्तूंच्या कचेरीत होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, कागदांवरचा जुना शिक्का खोडून नवा मारला गेला; अप्पांचं टेबल काही हललं नाही. त्याचं त्यांना हसू यायचं. "मौर्य गेले, शुंग आले, पण दफ्तरी तोच राहिला असणार बघ," असं म्हणायचे. त्यांच्या हाताखाली मला कच्ची नोकरी मिळाली होती, आणि संध्याकाळी सराफ्यातल्या त्यांच्या माडीवर मी शिकायला जात असे. खाली सोनाराची हातोडी टकटक करायची आणि वर अप्पा रोम उभं करायचे. शिकवून झालं की काकू पान वाढायच्या, अप्पांच्या शेजारीच. पाध्यांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात शिपायाचा मुलगा जेवतो, यावर गल्लीत बरंच बोलणं झालं म्हणे. माझ्या कानावर अप्पांनी त्यातलं काही येऊ दिलं नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. साम्राज्य कुठून कुठवर पसरलं होतं हे नकाशात आहे, ते घोकू नकोस, म्हणायचे. त्यातला माणूस स्वतःशी काय बोलत होता ते शोध. अथेन्सचा एक म्हातारा पळून जायची सोय असताना विष पितो, तो का? रोमचा एक बादशहा छावणीत बसून स्वतःलाच बोल लावणारी वही लिहितो, ती कशाला? आणि बौद्ध भिक्षूंचा उपोसथ — हा तर त्यांचा फार आवडता. पौर्णिमा-अमावास्येला सगळे भिक्षू एकत्र बसत. एकेक नियम म्हटला जाई आणि विचारलं जाई, कुणाच्या हातून हा दोष घडला आहे का? घडला असेल त्यानं सांगावं. नसेल त्यानं गप्प राहावं. तीनदा विचारत. गप्प राहणं म्हणजेच 'मी शुद्ध आहे' असं म्हणणं.

मी विचारलं होतं, "अप्पा, दोष असून कुणी गप्पच बसला तर?"

"तर काय? संघ त्याच्यावर भरवसा ठेवतो," अप्पा म्हणाले. "बाकी त्याचं तो जाणे."

आता त्यांच्या यवनाबद्दल, म्हणजे जुन्या काळच्या ग्रीकाबद्दल, सांगितलं पाहिजे. विदिशेला ग्रीक राजदूतानं उभारलेला स्तंभ आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे. अप्पांना त्याचं कौतुक नव्हतं. "राजदूत तो, नोकरीवर आलेला. मला राहायला आलेला यवन पाहिजे," ते म्हणत. कुठून तरी लांबून आला, इथल्या मातीत रुजला, आपल्या कमाईतला एक दगड इथल्या विहाराला देऊन गेला — असा साधा माणूस. तीस वर्षं ते त्याला शोधत होते. का, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा भाषावार प्रांतांची चर्चा होती आणि बाजारात कुणीही विचारी, "क्यों पंडितजी, अब तो आप लोग महाराष्ट्र चले जाओगे?" ज्याचं घराणं दोनशे वर्षं इथं राहिलं त्या माणसाला हे विचारलं की काय होतं? अप्पा नुसते हसायचे आणि भाजी निवडत राहायचे.

भितरवारच्या बाजूला एका खेड्यात जुनी बावडी आहे, पायऱ्यांची खोल विहीर. तिच्या तळाजवळच्या भिंतीत कुणीतरी जुना कोरीव दगड बसवला होता. त्या थंडीत आम्ही दोघं तिथं गेलो. अप्पांचे गुडघे गेलेले, ते वरच थांबले. गावातल्या एकानं त्यांना खाट आणून दिली. मी एकटा खाली उतरलो. मागून तो माणूस ओरडला, "बाबूजी, सँभल के, काई है." शेवाळ होतं खरं.

लेखाचा ठसा कसा घेतात? दगड आधी स्वच्छ करायचा. ओला कागद त्यावर चिकटवायचा, दाट केसांच्या ब्रशनं ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचेत बसवायचा, वाळत आला की वरून शाईची गादी हळूहळू टेकवायची. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. मग पूर्ण वाळल्यावरच कागद सोडवायचा. अप्पांचे याबाबत दोन नियम होते. पहिला — आधी बोटाच्या पेरानं दगड वाजवून पाहायचा. पोकळ बोलला तर त्याच्या वाटेला जायचं नाही, कारण आमच्याकडचा दगड पापुद्र्यांचा. आणि दुसरा — एका दगडाचा एकच ठसा. दगड म्हणजे छापखाना नाही.

पहिला ठसा सुरेख आला. वाळायला दुपार झाली. ओळ छोटी होती — एक नाव, मग 'योनस', मग 'दानं'. यवनाचं दान. मला ब्राह्मी तेवढी वाचता येत होती. मी तिथं खाली उभा राहून एकटाच हसलो. वरून अप्पांची हाक आली, "मिला क्या रे काही?" मी म्हटलं, थांबा, कागद सुकू दे.

कागद सुकला होता. मग मी का थांबायला सांगितलं?

कारण मला तो माझ्यासाठी हवा होता. वर नेला की तो अप्पांचा होणार, कचेरीचा होणार. उतरलो मी, अक्षरं पहिल्यांदा पाहिली मी — निदान एक प्रत माझ्या खोलीच्या भिंतीवर असावी, एवढीच हौस. मी दुसरा कागद भिजवला. दगड वाजवून पाहिला — तेव्हा 'योनस'च्या जागी तो जरा पोकळ बोलला. मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी कागद ठोकला, जोरात ठोकला, कारण बसची वेळ होत होती, आणि ओला असतानाच ओढला. चट् असा बारीक आवाज झाला. कागदाबरोबर तळहाताएवढा पापुद्रा निघून आला. मागे भिंतीत नुसता खळगा.

मी काय केलं? कागद पापुद्र्यासकट घडी करून शर्टाच्या आत घातला. खळग्यावर ओलं शेवाळ फासलं. पहिला ठसा घेऊन वर आलो. अप्पांनी तो उन्हात धरला आणि वाचता वाचता ते खाटेवर बसले. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "आला बघ आपला माणूस."

बसमध्ये त्यांनी नेहमीचं विचारलं — प्रत्येक ठशानंतर विचारत — दगडाला काही झालं नाही ना? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी ते 'नाही' असं धरलं. मी गप्प होतो ना.

अप्पांनी लेख लिहिला, ठशाचं छायाचित्र छापून आलं. काकूंनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि पहिली माझ्या पानात वाढली. मी खाल्ली. हे लिहिताना मला त्या दगडापेक्षा त्या पोळीची जास्त लाज वाटते.

मग राज्य पुनर्रचना आली. मध्यभारत संपला, राजधानी भोपाळ झाली. कचेरीतले कागद गठ्ठ्यांत बांधून पडावाच्या स्टेशनवरून रेल्वेनं भोपाळला जाऊ लागले. त्यातल्या एका गठ्ठ्यात मूळ ठसा होता. तो गठ्ठा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. चार राज्यांची नोकरशाही एक करायची म्हणून याद्या होत होत्या, कोण कुठल्या जागी बसणार. त्यातच एका परगावच्या विद्वानानं अप्पांच्या लेखावर शंका घेतली. माणसं तपासायला गेली. बावडीत उतरली. जिथं 'योनस' हवं तिथं हिरवा झालेला खळगा. त्यांनी अहवाल दिला — दगड तिथं पूर्वीपासूनच फुटलेला आहे, ही अक्षरं ठशावर हातानं भरलेली दिसतात.

आमच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. चुकीचं वाचलं तर चालतं, सगळेच चुकतात. पण दगडावर नसलेलं अक्षर शाईनं कागदावर उतरवणं म्हणजे देवाच्या मूर्तीला आपलं नाक बसवणं.

मूळ ठसा असता तर निकाल लागला असता. कागदात अक्षरांचा उठाव दिसतो, तो शाईनं आणता येत नाही. मूळ ठसा हरवला होता. पण दुसरा होता. माझ्या ट्रंकेत होता, त्या डब्यात — अर्धवट फाटलेला, आणि पाठीमागे चिकटलेला दगडाचा पापुद्रा, त्यावर तीन अक्षरं. पुरावा म्हणून इतकं कुणाला कधी मिळत नाही.

अप्पांनी मला माडीवर बोलावलं. मला वाटलं, आता विचारणार. चोराच्या मनात चांदणं. पण ते माझ्याकडे संशयानं पाहतच नव्हते. हातात ते छायाचित्र होतं, आणि ते आपल्याच बोटांकडे बघत होते.

"जाधव, तू होतास ना रे तेव्हा," ते म्हणाले. "मी कागदावर पेन्सिल-बिन्सिल फिरवली होती का? माझे डोळे... आणि इतकी वर्षं मनात तेच ते. झालं असेल का माझ्या हातून, भानावर नसताना?"

खाली हातोडी चालू होती. काकू दारात उभ्या होत्या. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. त्यानंतरचं सगळं मागाहून बोलता आलं असतं. त्या यादीत माझंही नाव होतं. पुराणवस्तू फोडून लपवणाऱ्याला कुणी ठेवलं नसतं. घरी म्हातारे वडील होते, आणि — नाही. हे कारण झालं. कारणं सांगायला मी बसलेलो नाही.

मी गप्प राहिलो. अप्पांनी मान हलवली. त्यांनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ असा घेतला की हो, तुम्ही फिरवली होती पेन्सिल, आणि मला ते तुमच्या तोंडावर म्हणवत नाही. उलट त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आपलं पितळ झाकणारा मुलगा म्हणून.

त्यांनी पत्र लिहून लेख मागे घेतला. 'दृष्टिदोष व उतावीळपणा, दोन्ही माझे' असं त्यात लिहिलं. पत्राची स्वच्छ प्रत मी केली, माझं अक्षर चांगलं म्हणून. नव्या यादीत त्यांना जागा मिळाली नाही. मला मिळाली.

भोपाळला निघालो तेव्हा गुडघ्यांचं सगळं दुखणं घेऊन अप्पा पडावाच्या स्टेशनवर आले. काकूंनी धपाटे बांधून दिले होते. तीनदा विचारतात, हे त्यांनीच शिकवलेलं. ते तिसऱ्यांदा विचारतील म्हणून मी गाडी सुटेपर्यंत दारात उभा होतो, आणि विचारलं तर सांगायचं असं ठरवलंही होतं. खरंच ठरवलं होतं का, की विचारणार नाहीत हे ठाऊक होतं म्हणून ठरवलं? त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "डोळ्यांना जप बेटा. आणि काही वाचलंस की दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेत जा. स्वतःवर फार भरवसा ठेवू नको."

अप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. मी सुट्टीत जायचो, माडीवर बसायचो. ते रोमबद्दल बोलायचे, भिक्षूंबद्दल बोलायचे. यवनाबद्दल पुन्हा कधीच नाही. बाजारात कुणी महाराष्ट्रात जाणार का विचारलं तर आता ते म्हणायचे, "देखेंगे भाई." ते ऐकायला मी तिथं होतो.

मी या खात्यात वर चढत गेलो. पुढे ग्वाल्हेरलाच, थाटीपुरात घर बांधलं. शेकडो ठसे घेतले, एका दगडाचा एकच. तरुण मुलांना तो नियम शिकवला, अप्पांचं नाव सांगून शिकवला.

आज दुपारी बायको देवळात गेली तेव्हा डबा उघडला. कागद पिवळा पडला आहे. पापुद्र्याच्या कडा भुगा होऊन डब्याच्या तळाशी साचल्या आहेत, पण अक्षरं आहेत. बोट फिरवलं की लागतात. त्या दगडावर यवन होता. अप्पांनी तो बरोबर वाचला होता, पेन्सिल कुणीच फिरवली नव्हती. दगड मी फोडला.

आणि त्यांनी स्वतःवर घेतलं तेव्हा मी घेऊ दिलं.