चाळीसला चार कमी

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाहीये. आईची सक्त ताकीद आहे, "निकाल हातात येईपर्यंत बिल्डिंगमध्ये चकार शब्द नको." मी तशीही कमीच बोलते, त्यामुळे तिला माझी काळजी नाही. पण गेल्या तीन महिन्यांत घरात इतके किस्से साठलेत की एकटीनं किती सांभाळायचे? म्हणून लिहितेय. लिहिणं म्हणजे काही बोलणं नाही.

बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात बावीस वर्षं प्रेस मशीनवर होते. मागच्या वर्षी उजवा हात मशीनमध्ये गेला. अंगठा गेला, आणि बाकीची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. कोपर स्टेशनजवळ दिव्यांगांसाठी एक स्टॉल मिळण्यासारखा आहे, पण त्यासाठी सर्टिफिकेटवर चाळीस टक्के अपंगत्व लागतं. बाबांना मिळाले छत्तीस. आमच्या शाळेत छत्तीसला पास करतात.

*

छत्तीस कसे मिळाले, तर बाबांच्या चांगल्या वागण्यामुळे. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बोटं मिटतात का?"

बाबा म्हणाले, "मिटतात की."

"वस्तू पकडता येतात?"

"हो हो. जमतं सगळं."

घरी आल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "अहो, जमतं काय? काल चहाचा कप पडला तो कुणाच्या हातातून?"

बाबा गोंधळले. ऑफिसात टेबलापलीकडे बसून त्यांना कुणी प्रश्न विचारल्याला बावीस वर्षं झाली होती, आणि तो नोकरीचा इंटरव्ह्यू होता. तेव्हा सगळ्याला "जमतं" म्हटल्यावर लगेच घेतलं होतं. ते म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं का?"

*

मग अपील करायचं ठरलं. खालच्या मजल्यावरचे पाटणकर काका सरकारी कार्यालयातून रिटायर झालेत. त्यांनी अर्ज लिहून दिला आणि तो द्यायला बाबांबरोबर मी ठाण्याला गेले. खिडकीतल्या क्लार्कनं स्क्रीनवरची नजर न काढता एक छोटं मशीन पुढे सरकवलं.

"दोन्ही अंगठे लावा."

बाबांनी डावा लावला. "साहेब, एकच आहे."

"दुसरा कधी आणणार?"

बाबा अगदी नम्रपणे म्हणाले, "बघतो."

घरी हे सांगितल्यावर आई पदर तोंडाला लावून हसली. पाटणकर काका मात्र हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मुदत किती दिवसांची दिली आहे?"

*

सुनावणीची तारीख आली तशी काकांनी आमच्या डायनिंग टेबलवर रोज संध्याकाळी प्रॅक्टिस सुरू केली. काका डॉक्टर व्हायचे, बाबा बाबाच राहायचे.

"मोहनराव, पिशवीची गाठ सोडता येते का?"

"येते."

"कशी सोडता?"

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. "हिला देतो. ही सोडते."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोहनराव, मी तुम्हांला खोटं बोलायला सांगत नाही. खरं बोलायलाच शिकवतोय. आणि तेच अवघड जातंय."

*

काकांनी मलाही काम दिलं. आठवडाभर बाबांवर लक्ष ठेवायचं आणि त्यांना जे करता येत नाही ते वहीत लिहायचं. मी लिहिलं: टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडतात. सुट्टे पैसे मोजायच्या ऐवजी दुकानदारापुढे अख्खं पाकीट धरतात. कुणी हात मिळवायला आलं की लांबूनच नमस्कार करतात.

चौथ्या दिवशी ती वही बाबांना सापडली. ओरडले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी प्रत्येक ओळीपुढे "जमतं" असं लिहिलं. अक्षर असं, की मला एकेक "जमतं" लावायला मिनिट लागलं.

काकांनी ती पानं बघितली आणि म्हणाले, "याच्या झेरॉक्स काढा. सुनावणीच्या फाइलला जोडू."

*

कपड्यांवरून घरात दोन दिवस वाद चालला. काकांचं म्हणणं, इस्त्रीचा शर्ट नको, दाढीही राहू द्या, फार टापटीप दिसलात तर टक्के वाढायचे नाहीत.

आई म्हणाली, "चुरगळलेल्या शर्टात पाठवू? लोक यांना नाही, मला नावं ठेवतील."

शेवटी इस्त्री आईची आणि दाढी काकांची, असं ठरलं. सुनावणीच्या दिवशी सकाळी बाबा दूध आणायला म्हणून गेले ते सलूनमधून गुळगुळीत होऊन आले.

"सुनावणीला चाललोय," ते म्हणाले, "सुतक नाहीये मला."

*

सुनावणीच्या खोलीत बरोबर घरातलं एकच माणूस चालतं. आई म्हणाली, मला आत रडू येईल, तू जा. म्हणून मी गेले. टेबलामागे तिघे होते. मधल्या डॉक्टर मॅडमनी फाइल चाळली, बाबांचा हात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "काय काय जमत नाही, ते तुमच्या तोंडानं सांगा."

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मॅडम थांबल्या. महिनाभराची प्रॅक्टिस, आणि चार टक्के तिथेच टेबलावर पडलेले. मला वाटलं, आता "जमतं" म्हणतात.

"मॅडम," बाबा म्हणाले, "आधी हिला जरा बाहेर पाठवा."

"का? मुलगी ना तुमची?"

"म्हणूनच. हिच्यासमोर मला सगळं जमतं."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण आतून बाबांचा आवाज येत राहिला, एकापाठोपाठ एक, न थांबता. त्यातल्या निम्म्या गोष्टी मला माहीतच नव्हत्या. पहिली म्हणजे, रोज सकाळी आम्ही उठायच्या आधी ते गॅलरीत जाऊन...

आई हाक मारतेय, वही लपवते. आले गं आई, आले!