माझ्याच कोडातला ‘ब’

गेटवरच्या माणसानं माझ्या मोबाइलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. त्याच्या स्क्रीनवर पिवळा रंग आला.

“तुमी तिकून जा. मांगच्या मंडपात.”

“कावून?”

“पिवळ्याले इकून सोडाचं नाही, असं सांगतलं मले.”

बाजूला आई. नवी साडी नेसलेली. शुभांगीच्या भावाच्या लग्नाला आम्ही मूर्तिजापूरहून अकोल्याला आलो होतो. शुभांगी म्हणजे अमरावतीच्या होस्टेलातली माझी रूममेट. एका ताटात जेवायचो आम्ही.

अन् तो कोड मीच बनवला होता. लग्नाचं वेबपेज माझं. पाहुण्यानं आपली लिंक उघडली, की पानातली जावास्क्रिप्ट तिथल्या तिथं त्याच्या नावाचा कोड काढायची. प्रत्येक नावापुढं ‘अ’ किंवा ‘ब’ शुभांगीनं टाकलं. ‘अ’ला हिरवा अन् ‘ब’ला पिवळा रंग द्यायलाही तिनंच सांगितलं. हे कशासाठी, मी विचारलं होतं.

“पार्किंगसाठी गं,” म्हणाली.

मागच्या मंडपात डोकावले. तिच्या गावची, आमच्यासारखीच बौद्ध वस्ती तिथं बसलेली. दुसरं कोणीच नाही.

शुभांगीला बोलावलं. आली. नजर खाली.

“आजीले नाही चालत गं. तू समजून घेशीन, म्हून सांगतलं नाही.”

समजून घेशीन! माझ्या आईनं पाठवलेला डबा संपवताना आजी कुठं होती?

आई हात ओढू लागली. “चाल बाई, तिकडंच बसू. तमाशा नको करू.”

“नाही बसत.”

गेटापाशीच खाली टेकले. मोबाइलवर पानाचा कोड उघडला. ‘ब’ची ओळ पुसली. आता सगळ्यांना ‘अ’. मग मागच्या मंडपात गेले अन् ओरडले, “तुमाले जात पाहून इथं बसवलं हाये! लिंक परत उघडा, अन् समोरच्या गेटानं चला!”

मग एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “आमाले माहीतच होतं, पोरी. तुलेच माहीत नव्हतं.”

थोबाडीत बसावी तसं झालं. पण तोच पहिला उठला. त्याच्यामागं आणखी काही. बाकीचे बसून राहिले. समोरच्या गेटावर म्हाताऱ्याचा कोड हिरवा आला. अडवणाऱ्यानं स्क्रीनकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, अन् बाजूला झाला.

आम्ही जेवलो नाही.

शुभांगीचे फोन येतात. मी उचलत नाही. कोणी काम घेऊन आलं, की आधी विचारते, हे अक्षर कशासाठी, हा रंग कशासाठी. खरं उत्तर मिळेपर्यंत एक ओळ लिहीत नाही. माझ्या हातानं कोणाची पंगत वेगळी पडणार नाही.