जावयाच्या पेनड्राइव्हसाठी घेतलेला अँटीव्हायरस

जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे मला ज्यानं शिकवलं त्याला एकदा गाठून दोन शब्द सुनावायचे आहेत. त्याच्यापायी माझं वाटोळं झालं.

धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, अनारसे खाऊ घालायचे, मान करायचा, ही आमच्या मेहकरकडची रीत. आमचा जावई पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. पहिल्याच जेवणाला मी लेकीला म्हटलं, "दोन भेद्रं चिरून आन." तर हा जेवण संपेपर्यंत "भेद्रं, भेद्रं" करत बसला. टोमॅटोला भेद्रं म्हणतात याचं त्याला इतकं हसू, की फोनवर त्याच्या आईलाही सांगून झालं. मी वाढत राहिले. काय करता, जावई पडला.

हसायची माझी ना नव्हती. पण हसला तो नेमका माझ्या जिवाच्या गोष्टीवर. मी निवृत्त मास्तरीण. लिहिते शाळेतली भाषा, बोलते घरची. नोकरीभर आमच्या बोलीतले शब्द मी चिठ्ठ्यांवर टिपले होते. आठवडी बाजारातल्या बायांकडून, एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांकडून, शाळेत लेकरांना सोडायला येणाऱ्या आज्यांकडून. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला तो त्यासाठीच. शब्द, अर्थ, कोणाच्या तोंडून ऐकला, कुठं, सगळं एका बोटानं टाइप केलं. एकेक चिठ्ठी टाइप झाली की आंघोळीच्या बंबात टाकायची. घरात कागदाचा पसारा नको म्हणून. अक्कल म्हणतात ती ही.

त्या दिवसांत कॉम्प्युटरवरच्या अँटीव्हायरसची मुदत संपत आली होती. रोज पिवळी पाटी यायची. स्टँडजवळच्या दुकानात जाऊन नवा निवडायचा असं मी ठरवलं होतं. जावयानं ती पाटी पाहिली आणि म्हणाला, विकत कशाला घेता आई, माझ्याकडे आहे ना फुल व्हर्जन. खिशातून पेनड्राइव्ह काढला, लावला. जुना अँटीव्हायरस लगेच ओरडायला लागला. जावई म्हणाला, हा उगाच अडवतोय, जरा बंद करा. मला ते पटलं नाही. पण ओवाळून पाटावर बसवलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी माझ्या हातानं पहारा बंद केला.

ते दोघं पुण्याला गेले आणि चौथ्या दिवशी सगळ्या फायलींच्या नावांना भलतीच शेपटं फुटली. एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत धमकीची चिठ्ठी. दुकानदारानं येऊन पाहिलं, मान हलवली. फुकटचं फुल व्हर्जन म्हणून जे टाकलं ते स्वतःच चोर होतं म्हणे. मी विचारलं, कुलूप उघडता येईल का? तो म्हणाला, मॅडम, दुसरीकडे कुठं प्रत असेल तर ठीक, नाहीतर गेलं समजा.

प्रत कुठली? बंबात.

त्यानंतर मी जावयाशी फोनवर बोलले नाही. लेकीनं फोन त्याच्याकडे दिला की माझं दूध उतू जायचं. लेकीला सांगितलं होतं, शब्द गेले तुझ्या नवऱ्यापायी. ती रडली. मी नाही रडले, मी दात खाल्ले. म्हटलं, येशील ना बेट्या दिवाळीला.

मग मी अँटीव्हायरस निवडायला गेले. दुकानदार भला माणूस. त्यानं सगळं नीट समजावलं. म्हणाला, विंडोजसोबत येतो तो घरच्या कामाला पुरतो, अपडेट तेवढं चालू ठेवा, तो पाठीमागं गुपचूप काम करतो. मी म्हटलं, गुपचूप नको. त्यानं दुसरा दाखवला, हलका, कॉम्प्युटर मंद करत नाही. मी म्हटलं, मंद झाला तरी चालेल, पेनड्राइव्ह लावला की बोंबलतो का ते सांगा. तो माझ्याकडे पाहतच राहिला. शेवटी एक निघाला. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर आपणहून तपासतो, घाण सापडली की अख्खा पडदा लाल करतो आणि भोंगा वाजवतो. बहुतेक लोक तो भोंगा बंद करून घेतात, असं दुकानदार म्हणाला. मी आवाज वाढवून घेतला.

निघताना त्यानं शिकवलं की लाल पाटी आली तर घाबरायचं नाही, 'साफ करा' दाबायचं. त्यानं घाण जाते, आपल्या फायली राहतात. आणि सगळंच पुसायचं असलं तर फॉरमॅट कसं करतात, तेही मीच विचारून घेतलं.

दिवाळी आली. पाडव्याला घर भरलं होतं. दीर, जावा, शेजारच्या दोन बाया. फराळ झाला तसा जावई उठून माझ्याजवळ आला. खिशातून तोच पेनड्राइव्ह काढला. चेहरा कसनुसा. म्हणाला, आई, तुमच्यासाठी आणलंय, कॉम्प्युटर लावता का? मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, आपल्या पायानं आलास. सगळ्यांना हाका मारून खोलीत बोलावलं, पुण्याच्या साहेबांची करामत पाहायला.

पेनड्राइव्ह लावला आणि पडदा लाल झाला. भोंगा असा वाजला की स्वयंपाकघरातली जाऊ पळत आली. सतरा ठिकाणी घाण निघाली. दीर म्हणाले, काय जावईबापू, हे काय घेऊन फिरता? सगळे हसले. भेद्रं आठवून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

जावई लाल झाला. "आई, एक मिनिट, आधी माझं ऐका," म्हणून पुढं सरसावला.

"तुमी बसा," मी म्हटलं. "मागल्या बारीनं तुमचं ऐकलं. आता माह्या घरात मी सांगीन ते."

'साफ करा' मी दाबलंच नाही. फॉरमॅट काढलं. झटपट होणारा प्रकार होता, त्याची खूणही मुद्दाम काढून टाकली. सावकाश होऊ दे, पट्टी मुंगीसारखी सरकू दे, याला सगळ्यांपुढं बसून पाहू दे. तो आणखी एकदा म्हणाला, "आई, थांबा ना." मी त्याच्याकडे पाठ केली, पुढचं त्याचं बोलणं सगळ्यांच्या हसण्यात बुडालं. पट्टी हळूहळू भरत होती आणि माझं काळीज थंड होत होतं.

पट्टी शेवटाला टेकली, तेवढ्यात लेक चहाचे कप घेऊन आली. पडदा पाहिला आणि दारातच उभी राहिली.

"आई, त्याच्यात तुहे शब्द होते."

धोंड्याला आला तेव्हा, ते फुल व्हर्जन टाकायच्या आधी, त्यानं माझी फाइल उचलून घेतली होती. हसायला घेतली की वाचायला, ते मी अजून विचारलेलं नाही. मधे कंपनीनं त्याचा लॅपटॉप बदलला, प्रत एवढ्या एका पेनड्राइव्हवर राहिली. ती दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याला सापडली. फोनवर मी बोलत नव्हते, म्हणून त्यानं ठरवलं, पाडव्याला आईच्या हातात द्यायची.

दुकानदारानं दोन दिवस प्रयत्न केला. काही निघालं नाही. झटपट पुसलं असतं तर निघालं असतं, म्हणाला.

आता वहीत पुन्हा लिहिते आहे. आठवतात ते लिहिते. जावई दर रविवारी फोन करून एखादा शब्द आठवून देतो, त्यानं वाचलेला. त्याला आठवतात, याचाही मला राग येतो. पण एका म्हातारीनं मला एसटीत एक शब्द दिला होता. चालता बैल थांबला की हातातला कासरा सैल पडतो ना, त्या सैल पडण्याला तिच्याकडे वेगळा शब्द होता. तो तिच्याशिवाय मी कुणाकडून ऐकला नाही. म्हातारी वारली. जावयालाही तो आठवत नाही. तिचा चेहरा, लुगड्याचा रंग, तिनं हातानं करून दाखवलेला कासरा, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आहे.

फॉरमॅट करण्याआधी कॉम्प्युटरनं मला विचारलं होतं, यातलं सगळं पुसलं जाईल, नक्की का? मी हो म्हटलं होतं, आणि मोठ्यानं वाचून म्हटलं होतं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.