घट्टरावांचे दोन बोल्ट

घट्टराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बसच्या वर्कशॉपमध्ये ते पडलं आणि असं चिकटलं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीसुद्धा भाषणात तेच घेतलं. काम एकच, चाकांचे नट आवळायचे. खोलायचं काम शेडच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या लोकांकडे. यांनी जन्मभर नुसतं आवळलं. त्यांनी बसवलेलं चाक रस्त्यात कधी निसटलं नाही, आणि त्याचा तोरा अजून उतरलेला नाही.

घरात मात्र या गुणाने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्यांनी बंद केलेला नळ बायकोला उघडेना, त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण कुणालाच उघडेना. "तुम्ही कशाला म्हणून हात लावू नका हो," असं ती रोज म्हणायची आणि हे रोज हात लावायचे.

तर अशा माणसाच्या बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालं. खाली बसायचं नाही, उंच सीट हवी, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या हव्यात, असं डॉक्टरांनी बजावलं. लेकीने तशी सीट आणून दिली. खोकं दिवाणखान्यात येऊन पडलं, आणि बायकोने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच निकाल दिला.

"हे बघा, मला कमोडवरून दुसऱ्या कुणी उचललेलं चालायचं नाही. तुम्ही तर नाहीच नाही. सीट बसली तर मी घरी येते. नाही बसली तर उद्या परस्पर लेकीकडे जाते."

लेकीचं घर दुसऱ्या गावात. तिकडे बाथरूममध्ये सगळं तयार होतं. एकदा गेली की चांगली चालायला लागेपर्यंत तिथेच. घट्टराव "बरं" म्हणाले आणि घरी आले. तिच्यावाचून त्यांना अजिबात करमत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण रेडिओ दिवसभर कशाला लागतो हे शेजाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

आता अडचण काय, तर जुनी सीट निघेना. कमोडच्या मागच्या अंगाला दोन बोल्ट, खालून दोन नट, आणि ते गंजून एकजीव झालेले. प्लंबर येऊन बघून गेला. "जोर लावला तर भांडं तडकेल. अख्खा कमोड बदला, चार दिवस लागतील," म्हणाला. आणि जाता जाता, "एवढे कुणी आवळलेत हो हे?"

घट्टराव खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच बाथरूमच्या फरशीवर मांडी ठोकून बसले. नटांवर आदल्या दिवसापासून तेल सोडलेलं होतं. मान आत शिरत नव्हती, म्हणून बायकोचा छोटा हातआरसा खाली ठेवला, टॉर्च मारला, आणि बघतात तर काय! नट कुठला, गंजाचा नुसता गोळा. वर नारिंगी भुगा, त्याच्या आत काळपट पापुद्रे, एकावर एक. नखाने खरवडलं तर एक पापुद्रा निघाला, खाली दुसरा. पाना बाजूला राहिला आणि घट्टराव बघतच बसले. आपण आवळलेल्या नटाचं पुढे काय होतं, हे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं! चाक बसलं, बस गेली, संपलं. पाणी आत कुठून शिरलं असेल? आधी कुठली बाजू धरली असेल गंजाने? या नादात चहा गार झाला.

मग पाना लावला. वरून बोल्टच्या खाचेत पेचकस धरला, आणि आरशात बघत बघत, दातओठ खाऊन खोलायला लागले. थोडं तेल, थोडा जोर, पुन्हा तेल. नट ढिम्म. बऱ्याच वेळाने एकदम 'कर्र' असा आवाज झाला. घट्टराव खूश! पण वर बघतात तर सीटखालचं रबर चेपून बाहेर आलेलं. सैल होताना रबर चेपेल कसं?

त्यांनी आरशात पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. पुन्हा आरशात पाहिलं.

"अरे देवा! मी आवळतोय!"

आरशात सगळं उलटं दिसतं, हे शेंबड्या पोराला कळतं. पण यांच्या हाताला आवळायचीच सवय, त्याने जराही तक्रार केली नाही. सकाळपासून बाबाजी इमानेइतबारे नट घट्ट करत बसले होते! अजून थोडा जोर लागला असता तर भांडं तडकलं असतं आणि बायको गेलीच असती लेकीकडे. त्यांनी पाना खाली ठेवला. हसू आलं, पण ते पुरतं फुटेना.

गंमत म्हणजे त्या उलट्या जोरानेच गंज मोडला होता. डोळे मिटून उलटा फिरवला, तर नट किंचाळत का होईना, सुटला. बोल्ट हातात आला तेव्हा घट्टरावांनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

दुसऱ्याने मात्र पाणी पाजलं. बोल्टच्या डोक्यावरची पेचकसाची खाचच झिजलेली, त्यामुळे नटाबरोबर बोल्टही गरगर फिरे. एकच उपाय, कापायचा. आता हे तुम्हाआम्हाला सोपं वाटतं. पण त्यांच्या शेडमध्ये बोल्ट कापून काढणाऱ्याला आठवडाभर कुणी चहाला विचारत नसे. दुपार टळली तरी घट्टराव तिथेच बसून होते.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, गाडी आलीय. आईला कुठे आणू?"

"एक बोल्ट निघाला. दुसरा नुसताच गरगर फिरतोय."

फोनमध्ये मागून बायकोचा आवाज आला, "त्यांना विचार, कापायला काय होतं?"

"अगं, कापणं म्हणजे..." घट्टराव म्हणाले. हॉस्पिटलच्या दाराशी ती कुबड्या घेऊन उभी असणार, हे त्यांना दिसलं. "आण तिला घरी," ते म्हणाले. "कापतो."

भांड्याला ओरखडा नको म्हणून खाली पुठ्ठा सरकवला आणि करवतीचं पातं नुसतं हाताने चालवलं. बोटं सोलवटली. बोल्ट तुटला तेव्हा त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण वाटलं मोकळं, आणि याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. नव्या सीटचे नट प्लास्टिकचे, फक्त हाताने आवळायचे. पाना जवळ असला तर मोह होईल, म्हणून तो बाहेर ठेवून आले.

संध्याकाळी ती आली. कुबड्या टेकत थेट बाथरूमकडे गेली. घट्टराव मागोमाग.

"तुम्ही बाहेर."

"दार तरी उघडं ठेव."

"लोटून घेते. कडी नाही लावत, झालं?"

लेक स्वयंपाकघरात गेली. घट्टराव दाराबाहेर उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळून. आत कुबड्या भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग पाण्याचा आवाज. मग तिचं कण्हणं, सीटची जराशी करकर, आणि पुन्हा शांतता. त्यांचा हात दाराकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला. आजवर एवढं जड काही त्यांना उचलावं लागलं नव्हतं.

"अहो!" आतून हाक आली.

"काय? येऊ?"

"नको. उठले मी!"

घट्टरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "उठली गं ती," त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून ओरडून सांगितलं, "एकटी उठली!"